वयात आलं की चरबी आपोआप झडते? नाही!

पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला सारखा फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: वाढत्या वयात अंगावर असतं ते बाळसं, उंची वाढली की झडून जातं. नाहीच झडलं तर भात, तूप आणि रात्रीचं जेवण बंद करा, पोटाचे व्यायाम करून घ्या. मूल अंगाने बारीक असेल तर मात्र काळजीचं कारण नाही. यातली एकही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही, आणि शेवटची तर आपल्याकडे सर्वांत घातक आहे.

आधी ‘आपोआप झडतं’ याबद्दल. वयात येताना मुलग्यांची उंची आणि स्नायू झपाट्याने वाढतात, त्यामुळे शरीरातलं चरबीचं प्रमाण काहीसं उतरतं, हे खरं. मुलींच्या बाबतीत नेमकं उलट होतं. मांड्या आणि नितंबांवर चरबी वाढणं हा त्यांच्या वाढीचाच भाग आहे, त्यावरून घरात टोमणे मारणं आधी थांबायला हवं. पण मूल खरोखर लठ्ठ असेल, तर वाट पाहून काही होत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ साली घेतलेल्या आढाव्यात दिसलं, की लठ्ठ मुलांपैकी निम्म्याहून अधिक किशोरवयातही लठ्ठच राहतात, आणि लठ्ठ किशोरांपैकी सुमारे ८० टक्के मोठेपणीही.

भात-तूप बंद करण्याचा उपाय तर नको त्या वयात नको ती गोष्ट काढून घेतो. मोठेपणी हाडांमध्ये जेवढी खनिजं असतात, त्यांतली जवळपास पाव या वयातल्या दोनेक वर्षांत भरली जातात. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयाच्या मुलींपैकी ४० टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. अशा मुलीचं रात्रीचं ताट काढून घेतलं की वरण, पालेभाजी, अंडं सगळंच गेलं. वर उपाशी राहून वजन उतरतंच असंही नाही: अमेरिकेत ९ ते १४ वर्षांच्या सुमारे १५ हजार मुलामुलींवर तीन वर्षं नजर ठेवली, तेव्हा सारखं डाएट करणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा जास्त वाढलेलं दिसलं.

आठवीतल्या मुलाची संध्याकाळ बघा. शाळेतून आल्यावर चहा-बिस्किटं, क्लासला जाताना चिप्सचं पाकीट, सुटल्यावर मित्रांबरोबर कोल्ड्रिंक. ३०० मिलीच्या बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते, म्हणजे सुमारे १२० ते १३० कॅलरी. वरणभातावरच्या चमचाभर तुपात असतात ४५. आपण तूप काढतो आणि बाटलीसाठी पैसे देतो!

पोटाच्या व्यायामांनी पोटाचे स्नायू बळकट होतात. तिथलीच चरबी वेचून जळत नाही.

तरी व्यायाम हवाच. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, आणि काटा हलला नाही की पालक मुलाला खेळातून काढतात, हे मला फार खटकतं. काटा तोच असला तरी यकृतातली, पोटाच्या आतली चरबी कमी होते, रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन नीट काम करू लागतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि त्यात आठवड्यातून किमान तीन दिवस हाडं-स्नायूंना ताण देणारे प्रकार. दोरीउड्या, खो-खो, कबड्डी, मल्लखांब, सगळं चालतं. जगातले ८१ टक्के किशोर एवढंही करत नाहीत, मुलींमध्ये तर ८५ टक्के. आपल्याकडे नववी-दहावीत पीटीचा तास गणिताला देतात, आणि पालकसभेत त्यावर कुणी ब्र काढत नाही.

आता ‘बारीक आहे, मग ठीक आहे’. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून आसपासच्या गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं लहान, स्नायू कमी, पण चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३; चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात वजन जास्त असलेले किशोर साधारण ५ टक्के होते आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १० टक्के. म्हणजे या उंबरठ्यावरच्यांपैकी कितीतरी बारीकच असणार.

म्हणून नजरेवर विसंबू नका, टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. घेर उंचीच्या निम्म्याहून कमी हवा. १५० सेंमी उंचीच्या मुलाची कंबर ७५ सेंमीच्या वर असेल, तर तो कितीही बारीक दिसो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा, आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर तेही त्यांना सांगा.