फक्त दहा मिनिटांवर

महानगरात कॉलेजला प्रवेश मिळाला, अभिनंदन. गाडी नाही? मग दुप्पट अभिनंदन. पदवीसोबत आणखी एक शिक्षण तुम्हाला फुकटात मिळणार आहे, आणि त्याला सुट्टी नाही की परीक्षा नाही. सुरुवात मिनिटांपासून करू.

मिनिटं दोन प्रकारची असतात, गाडीवाल्यांची आणि तुमची. खोली दाखवताना घरमालक म्हणतात, "कॉलेज फक्त दहा मिनिटांवर." त्यांना खोटारडे समजू नका. रविवारी पहाटे, स्वतःच्या गाडीतून, सगळे सिग्नल हिरवे असताना त्यांनी ते मोजलेलं असतं. तुमची दहा मिनिटं अशी: स्टॉपपर्यंत बारा मिनिटं चाल, मग वीस मिनिटं बसची वाट, तीस मिनिटं बसमध्ये एका पायावर, आणि कॉलेजच्या फाटकापासून वर्गापर्यंत आणखी सहा, कारण फाटक गाड्यांच्या सोयीने बांधलेलं असतं. हा हिशेब घरमालकांना ऐकवू नका. ते एवढंच म्हणतील, "मग लवकर निघायचं."

"लवकर निघायचं" हा मंत्र आजच पाठ करा. पुढची काही वर्षं तो तुम्हाला सगळ्यांकडून ऐकायचा आहे. त्यात घरचे आले, प्राध्यापक आले आणि ज्याला आयुष्यात एकदाही स्टॉपवर उभं राहावं लागलेलं नाही असा प्रत्येक माणूस आला.

आता स्टॉपवर उभं राहण्याचं शास्त्र. फलकावर लिहिलेलं असतं, बस दर दहा मिनिटांनी. तुम्ही साध्या मनाने हिशेब करता की सरासरी पाच मिनिटं थांबावं लागेल. बसेस घड्याळ लावून आल्या तर तो बरोबरच आहे. पण त्या मनाला येईल तशा येत असतील, तर दोन बसमधलं सरासरी अंतर दहाच मिनिटांचं राहूनही तुमचं सरासरी थांबणं पूर्ण दहा मिनिटांवर जातं. कारण साधं आहे. दोन बसमधला खंड जितका मोठा, तितकी त्यात मिनिटं जास्त, आणि तितकी त्यात सापडणारी माणसंही जास्त. तुम्ही त्यांपैकी एक. तेव्हा "माझ्याच वेळी बस का येत नाही" हे रडगाणं बंद करा. यात दैवाचा काही संबंध नाही, हा संभाव्यतेचा नियम आहे. निकाल गणितानेच दिल्यावर अपील कुठे करणार?

मग अर्ध्या तासाने तीन बसेस एकदम येतात. यातही कुणाचा कट नाही. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ साली हा प्रकार गणितात मांडून ठेवला आहे. एक बस जराशी रखडते. ती रखडली म्हणून पुढच्या स्टॉपवर गर्दी वाढते, गर्दी चढवण्यात ती आणखी रखडते. मागच्या बसला स्टॉप रिकामे मिळतात, म्हणून ती सुसाट येऊन पुढचीला गाठते. तुमचं कर्तव्य एकच, सगळ्यात पुढच्या, गच्च भरलेल्या बसला लटकायचं. मागची रिकामी आहे हे डोळ्यांनी दिसत असतं. तरीही लटकायचं, कारण मागची थांबेलच असं नाही. मी दोनदा विश्वास ठेवून मागचीसाठी थांबलो आहे. दोन्ही वेळा चालकाने माझ्याकडे ओळखीचं हसून गाडी पुढे काढली.

मोबाइलवर अ‍ॅप घ्याच. तिथे तुम्हाला तिसऱ्या प्रकारची मिनिटं भेटतील. बस "दोन मिनिटांत", पुन्हा "दोन मिनिटांत", पुन्हा दोन, मग एक, आणि मग थेट "सतरा". कधीकधी अ‍ॅपवरची बस स्टॉपवर येऊन निघूनही जाते. रस्त्यावर मात्र कुणी काही पाहिलेलं नसतं. तिला हात दाखवायचा राहिला असेल तर चूक तुमचीच.

आणि एवढं थांबून तुमचं गेलं काय? वाहतुकीचा अर्थशास्त्रीय हिशेब मांडणारे लोक प्रवासातल्या वेळेची किंमत काढतात. स्टॉपवर थांबण्याचं एक मिनिट ते बसमधल्या जवळजवळ दोन मिनिटांइतकं जड धरतात, म्हणजे तुमचा त्रास त्यांना कागदावर ठाऊक आहे. फक्त वेळेची ही किंमत बहुधा माणसाच्या कमाईशी जोडलेली असते. तुमची कमाई किती? झालं तर. तुमचं मिनिट बाजारात स्वस्त आहे, शहराने ते घाऊक भावात उचललं तर बिघडलं कुठे?

तुमच्यासारख्यांची ही सेवा शहराच्या डोक्यात आज आलेली नाही. पॅरिसमध्ये १६६२ च्या मार्च महिन्यात ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या भाड्यात कुणालाही नेणाऱ्या घोडागाड्या सुरू झाल्या. कल्पना ब्लेझ पास्कालची, तोच तो गणिती, ज्याने संभाव्यतेच्या शास्त्राचा पाया घातला. म्हणजे बस आणि बसची वाट पाहण्याचं गणित, दोन्ही एकाच डोक्यातून आलं असं म्हणायला हरकत नाही. गाडी भरो न भरो, वेळेवर सुटेल, असं तिथे ठरलं होतं. "कुणालाही" या शब्दाची दुरुस्ती मात्र लगेच झाली. तिथल्या पार्लमेंटने (हे नावाला पार्लमेंट, प्रत्यक्षात वरिष्ठ न्यायालय) सैनिक, नोकरचाकर आणि मजूर यांना या गाड्यांत बसायला मनाई केली. ज्यांच्याकडे स्वतःची गाडी असण्याची शक्यता सगळ्यात कमी, नेमके तेच वगळले. साडेतीनशे वर्षांपूर्वीचं हे नियोजन आजही किती ताजं वाटतं पाहा. पास्काल त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारला. आजारी होता, वाट पाहून नव्हे.

मेट्रो असेल तर तुमचं नशीब. एकच सूचना, नकाशावर डोळे मिटून विश्वास ठेवा. सरळ रेघा, सारख्या अंतरावर ठिपके, ही पद्धत लंडनमध्ये हॅरी बेकच्या १९३३ सालच्या नकाशाने रूढ केली. हा गृहस्थ विजेच्या जोडण्यांची रेखाटनं करणारा होता आणि प्रवाशाला त्याने वायरीतल्या विजेसारखंच वागवलं, अंतराची पर्वा न करता. नकाशा आहेही सुंदर. फक्त जमिनीवरची अंतरं त्यात नाहीत. लंडनच्याच लेस्टर स्क्वेअर आणि कॉव्हेंट गार्डन या दोन स्थानकांमध्ये जेमतेम २६० मीटर अंतर आहे. जिने उतरून-चढून होईपर्यंत माणूस वरून चालत पोहोचतो. तरीही तुम्ही भुयारातूनच जा. पास काढलाय ना?

सायकल घ्या. पर्यावरण वाचेल. तुमचं तुम्ही बघा.

चालायचं असेल तर रस्ता ओलांडण्याचा सराव हवा. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला साधारण १.२ मीटर धरून सिग्नलची वेळ ठरवण्याची पद्धत अनेक देशांत आहे. खांद्यावर लॅपटॉप, हातात ड्रॉइंगची नळी आणि समोर उजवीकडे वळणारी गाडी असताना हा वेग राखून दाखवा. आजीआजोबांनी काय करायचं, हा प्रश्न विचारू नका. त्यांनी लवकर निघायचं.

राहता राहिली लिफ्ट. गाडीवाला मित्र ही पुण्याई आहे, ती जपून वापरा. त्याची गाडी दिवसातला बहुतेक वेळ नुसती उभी असते. तसे तुम्हीही उभेच असता, पण तिच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते. लिफ्टचं भाडं पैशांत घेत नाहीत, कृतज्ञतेत घेतात, आणि ती फेडून संपत नाही. त्याच्या आवडीची गाणी तुम्हालाही आवडली पाहिजेत. वाटेत त्याची तीन कामं असतील तर तुम्हालाही कुठलीच घाई नसली पाहिजे. कोंडीत अडकल्यावर तो समोरच्या बसला शिव्या घालील, "या धुडांनीच रस्ता अडवलाय." मान डोलवा. त्या बसमधली साठ माणसं उद्या आपापल्या गाड्या काढून आली तर तुझी गाडी हलेल का रे, असं चुकूनही विचारू नका. उतरवताना तो म्हणेल, "इथून तुझं जवळच आहे." जवळच असतं. मध्ये फक्त आठ पदरी रस्ता असतो, आणि पादचारी पूल एक किलोमीटर मागे राहिलेला असतो. हात हलवून निरोप द्या. आरशात तो बघतो.

ग्रुप प्रोजेक्टची बैठक नेहमी त्याच्याच घरी ठेवतात, कारण ते सगळ्यांना "मध्यवर्ती" पडतं. काम कधी संपवायचं हे तुमची शेवटची बस ठरवते, म्हणून महत्त्वाची चर्चा तुम्ही उठल्यावर सुरू होते. दुसऱ्या दिवशी कळतं की सादरीकरण तुमच्याकडे आलंय, सकाळी पहिल्या तासाला.

त्या सकाळी तुम्ही पावणेदोन तास आधी निघता. दोन बस सोडता, तिसरीला लटकता आणि नऊ मिनिटं उशिरा वर्गात शिरता. "सर, बस उशिरा आली." सर चष्म्यावरून बघतात. "लवकर निघायचं." तुम्ही मागच्या बाकाकडे जात असतानाच दार पुन्हा उघडतं. गाडीवाला मित्र बोटावर किल्ली फिरवत आत येतो. "सॉरी सर, ट्रॅफिक."

"हो ना," सर म्हणतात. "आज फारच होतं. मीसुद्धा अडकलो होतो. बस बस."