म्हणे चित्ता कुत्र्यांबरोबर पळत नाही!

गेल्या गुरुवारी पहाटे साडेपाचला भाचीच्या दारात गाडी लावून मी हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. पोरगी नववीत आहे, चारशे मीटर पळते आणि आठवड्यातले चार दिवस तिला मैदानावर न्यायचं-आणायचं काम माझ्या गळ्यात आहे. बाहेर आली ती पायात चपला, केस मोकळे. म्हणाली, "मामा, आज नको. आज सर त्या सातवीच्या पोरींबरोबर पळायला लावणार आहेत."

मग बिघडलं कुठं?

"चित्ता कुत्र्यांबरोबर पळत नाही."

हे कुठून आलं ते मला तिथल्या तिथे समजलं. आदल्या रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या काकांनी हाच मेसेज टाकला होता आणि त्याखाली अकरा जणांनी अंगठे दिले होते. त्यातला एक माझा होता, न वाचता दिलेला. म्हणून हे लिहिणं मला भाग आहे.

ज्यांच्याकडे तो अजून पोचला नसेल (असा कोणी उरला असेल तर) त्यांच्यासाठी थोडक्यात. कुत्र्यांच्या शर्यतीत एक चित्ता उतरवला. फाटक उघडलं, कुत्रे सुसाट सुटले, चित्ता जागचा हलला नाही. लोकांनी विचारलं, हे काय? तेव्हा सांगण्यात आलं की आपण श्रेष्ठ आहोत हे खालच्यांसमोर सिद्ध करत बसणं हाच अपमान असतो. चित्ता आपला वेग शिकारीसाठी राखून ठेवतो. पुढे जोड दिलेली: ही सत्य घटना आहे. चित्ता ताशी १२० किलोमीटरने धावतो आणि एकदा निघाला की शिकार चुकत नाही. अंग तापू नये म्हणून तो वेग वाया घालवत नाही, हे हार्वर्डने सिद्ध केलं आहे. तुम्हीही चित्ता बना. खाली हात जोडलेले.

आधी मेसेजबरोबर आलेला फोटो. त्यात बिबट्या आहे. चित्त्याच्या अंगावरचे ठिपके भरीव असतात आणि डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठापर्यंत काळी रेघ उतरलेली असते, काजळ ओघळल्यासारखी. बिबट्याला ती रेघ नसते आणि त्याचे ठिपके मधून पोकळ असतात. आपल्याकडे बिबट्यालाच चित्ता म्हणायची जुनी खोड आहे, म्हणून हे सोडून देतो.

"सत्य घटना" म्हणजे काय, तेही बघू. चित्ते कुत्र्यांच्या ट्रॅकवर आणले गेले होते, एवढं खरं. केनेथ गँडर-डावर नावाच्या हौशी इंग्रजाने केनियातून डझनभर चित्ते इंग्लंडला नेले, नियमाप्रमाणे त्यांना सहा महिने अलग ठेवलं आणि डिसेंबर १९३७ मध्ये लंडनजवळच्या रोमफर्डच्या ग्रेहाउंड (शर्यतीच्या कुत्र्यांची जात) ट्रॅकवर पळवले. हाच गृहस्थ एकदा एका चित्त्याला घेऊन लंडनच्या क्वीन्स क्लबच्या बारमध्ये शिरला होता आणि सभासद खवळले होते. रोमफर्डचा खेळ पुढे फार चालला नाही. पण चित्ते तिथे पळाले. कोणी मान वळवून बसलं आणि कोणी त्यावर प्रवचन दिलं, असं काही त्या गोष्टीत नाही.

आता खरा मुद्दा. चित्ता पळाला नाही तो मानापोटी, असं हा मेसेज सांगतो. माझं डोकं फिरलं ते इथे.

चित्ता आणि ग्रेहाउंड यांना मोजून पाहिलंय. लंडन विद्यापीठातल्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या संशोधकांनी ते केलं आणि २०१२ साली प्रसिद्ध केलं. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड प्राणिसंग्रहालयातले आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका केंद्रातले पाळलेले चित्ते घेतले. जमिनीत पट्ट्या पुरल्या, कुठला पाय किती जोर देतो ते कळावं म्हणून. बाजूला वेगवान कॅमेरे लावले. आणि चित्त्यांनी पळावं म्हणून पुढे दोरीला काय बांधलं? कोंबडीचा तुकडा. बाण्याचा विषय इथेच संपायला हवा होता, पण पुढचं ऐका. त्या चित्त्यांचा सर्वात जास्त वेग भरला सेकंदाला १७.८ मीटर, म्हणजे ताशी ६४ किलोमीटर. ग्रेहाउंडचा भरला सेकंदाला १९ मीटर, ताशी ६८. एकाच पद्धतीने दोघांना मोजलं तेव्हा कुत्रा पुढे होता!

लगेच कुत्र्यांचा झेंडा घेऊन नाचायची गरज नाही. रानातला चित्ता ग्रेहाउंडला केव्हाच मागे टाकतो, त्याचे आकडे खाली देतो. प्रश्न असा की हे चित्ते कमी का पडले. हाडं तीच, लवचीक कणा तोच, धावताना जमीन धरणारी नखं तीच. संशोधक पेनी हडसन यांनी दिलेलं कारण साधं होतं: हे चित्ते पिढ्यानपिढ्या प्राणिसंग्रहालयात वाढले, खाण्यासाठी पळायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही. फाटकात बसून राहिलेला चित्ता कोणाला पाहायचाच असेल तर तो हा. त्याला कुत्र्यांची कीव येत नव्हती. त्याला सवय नव्हती आणि गरज नव्हती.

याच अभ्यासातली एक गोष्ट मी भाचीला गाडीतच सांगितली, कारण ती तिच्या कामाची होती. ग्रेहाउंड हळू असो की जोरात, सेकंदाला साधारण साडेतीन ढांगा टाकतो, त्यात फरक पडत नाही. चित्ता सेकंदाला नऊ मीटरवर असताना २.४ ढांगा टाकतो आणि सतरावर गेला की ३.२, शिवाय त्याची ढांग कुत्र्यापेक्षा लांब पडते. पोरगी थोडा वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तो गिअर बदलतो." बरोबर.

आणि हा कुत्र्यांना कमी लेखणारा चित्ता पाहिलाय कोणी? अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत चित्त्याच्या पिल्लाबरोबर मुद्दाम कुत्र्याचं पिल्लू वाढवतात. कारण चित्ता जात्याच बुजरा. पान हललं तरी तो दचकतो. शेजारी कुत्रा निवांत पडलेला दिसला की त्यालाही धीर येतो. सिनसिनाटी प्राणिसंग्रहालयातल्या सारा नावाच्या मादीने २०१२ साली शंभर मीटर ५.९५ सेकंदांत कापले. तीही लहानपणी कुत्र्याच्याच संगतीने वाढली होती, आणि ते शंभर मीटर ती एका केसाळ खेळण्याच्या मागे पळाली, कॅमेरे आणि माणसं बघत असताना. नामिबियात तर शेतकऱ्यांना शेळ्यामेंढ्या राखायला मोठे ॲनाटोलियन कुत्रे दिले जातात. कुत्रा उभा राहून भुंकला की चित्ता आल्या वाटेने परत जातो, शेळी वाचते आणि शेतकऱ्याची गोळी न लागता चित्ताही वाचतो. जगात चित्ता टिकावा म्हणून जी कामं चाललीत, त्यातलं एक कुत्र्यांच्या जिवावर चाललंय.

बरं, हे इतर कोणाला ठाऊक नसलं तर मी समजू शकतो. पण काका, आपण कोल्हापूरचे! विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात आपल्या संस्थानाने आफ्रिकेहून चित्ते मागवून शिकारीसाठी पाळले. चित्तेवान त्यांना सांभाळायचे, पट्ट्याला धरून फिरवायचे. शिकारीला नेताना डोळ्यांवर झापड बांधून गाडीत बसवायचे, काळवीट टप्प्यात आलं की झापड काढायचे. चित्ता निघायचा, काळवीट पाडायचा, मग चित्तेवान येऊन त्याचा वाटा त्याला द्यायचा आणि पुन्हा झापड. म्हणजे चित्ता माणसाच्या सांगण्यावरून, माणसासाठी, वाट्याच्या मांसावर पळत होता. कुत्र्याचंच काम, फक्त जरा थाटात.

हार्वर्डचं घ्या. त्यात अर्धं खरं आहे आणि ते मला कबूल करावं लागतं. १९७३ साली हार्वर्डच्या संशोधकांनी पाळलेल्या चित्त्यांना ट्रेडमिलवर पळवलं आणि अंगातलं तापमान साडेचाळीस अंशांच्या आसपास गेलं की ते थांबतात असं नोंदवलं. ते पुढे चाळीस वर्षं पुस्तकांतून फिरलं. मग २०१३ साली दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या गटाने नामिबियात मोकळ्या फिरणाऱ्या चित्त्यांच्या अंगातच तापमापक बसवले. शिकार सोडून देताना चित्त्यांचं अंग तापलेलं नव्हतंच, ३८ अंशांच्या जरा वर होतं. ताप चढला तो पाठलाग संपल्यानंतर, बसल्या जागी. आणि शिकार मिळाली तेव्हा जास्त, हुकली तेव्हा कमी. पळणं दोन्हीकडे सारखंच. संशोधकांचा अंदाज असा की तो ताप धास्तीचा आहे: मारलेलं जनावर पुढ्यात आहे आणि कुठूनतरी बिबट्या येऊन ते हिसकावेल की काय. जिंकल्यावर जास्त घाबरणारा प्राणी आहे हा. याला ग्रुपवर राजाचा मुकुट घातलाय.

ताशी १२० आणि न चुकणारी शिकार, हे दोन्ही एका दमात. रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्याच ॲलन विल्सन यांच्या गटाने बोत्स्वानात पाच जंगली चित्त्यांच्या गळ्यात वेग मोजणारे खास पट्टे बांधले आणि सतरा महिन्यांत ३६७ धावा नोंदवल्या. २०१३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत आलं. सर्वात मोठा वेग ताशी ९३ किलोमीटर. बहुतेक धावा त्याच्या बऱ्याच खाली, सरासरी शिखरवेग ताशी ५४च्या आसपास. सरासरी अंतर १७३ मीटर. आणि यश? शंभरातल्या २६ धावांत. म्हणजे चार वेळा जीव खाऊन पळायचं आणि तीनदा रिकाम्या पोटी परत यायचं, पुन्हा उठायचं. यात मला सर्वात आवडलेली गोष्ट अशी की संशोधकांना वेगापेक्षा वळण्याचं आणि थांबण्याचं जास्त कौतुक वाटलं. एका ढांगेत चित्ता ताशी चौदा किलोमीटरपर्यंत वेग उतरवू शकतो. हरीण वळलं की त्यालाही वळावं लागतं, सरळ रेषेत कोणी मरत नाही. (ताशी १०४चा एक जुना आकडा आहे, १९६५ साली केनियात घड्याळ लावून मोजलेला. १२०चा मात्र मला सापडला नाही.)

राहिला उपदेश. तुम्हीही चित्ता बना. मोठ्यांनी एकमेकांना हे पाठवावं, ऑफिसात कोणी बढती घेऊन गेलं की रात्री वाचावं, माझं काही म्हणणं नाही. पण चौदा वर्षांच्या पोरीच्या हातात हे पडलं की त्याचा अर्थ एवढाच होतो: हरायची भीती वाटली तर पळू नको आणि त्याला स्वाभिमान म्हण. कारण खरं कारण ते होतं. सातवीत एक नवीन मुलगी आलीय, जोरात पळते, हे तिला ठाऊक होतं आणि मला नव्हतं.

सरांना फोन केला तेव्हा कळलं की सातवीच्या तिघींना तीस मीटर पुढे उभं करायचं आणि हिने मागून त्यांना गाठायचं, असा बेत होता. हिची शेवटची शंभर मीटर मरगळतात, समोर कोणी पळत असलं की ओढ लागते, म्हणून. कोंबडीच्या तुकड्याची गोष्ट मी सरांना सांगितली. ते म्हणाले, ते व्हिप्सनेडवाले आमच्याकडून शिकले असतील.

काकांना मी ग्रुपवर हे सगळं पाठवलं नाही. एवढंच लिहिलं की फोटोत बिबट्या आहे. त्यांनी हात जोडले आणि सकाळी गरुड चोच दगडावर आपटून नवा जन्म घेतो तो मेसेज टाकला. त्याचं नंतर बघू.

शनिवारी भाची गेली. मी कठड्यावर बसून घड्याळ धरलं. तीस मीटर पुढे तिघी, दोघींच्या पायात बूट, तिसरी अनवाणी. दोघींना हिने दुसऱ्या वळणाच्या आधीच गाठलं. अनवाणी पोरीला शेवटपर्यंत गाठता आलं नाही, पण चारशे मीटर हिने याआधी इतक्या कमी वेळात कधी पळले नव्हते. हे मी तिला सांगितलं तरी तिचं लक्ष नव्हतं. गाडीत बसली, पाण्याची बाटली अर्धी रिकामी केली आणि म्हणाली, "मामा, ती पोरगी कुठल्या दिवशी येते?"