स्टिकर जुलैचा, काटा लाल पट्ट्यात

आज दुपारी आमच्या ऑफिसच्या इमारतीत आगीची सहामाही तपासणी झाली. मी घड्याळ लावून पाहिलं: अकरा मिनिटं. सात मजले, चारशेच्या आसपास माणसं, आणि अकरा मिनिटं! खांद्याला सॅक अडकवून एक पोरगा आला, हातात स्टिकरांचा गठ्ठा. आग विझवायचा लाल सिलिंडर दिसला की जुन्या स्टिकरवर नवा डकवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पुढचा मजला. आमच्या पॅन्ट्रीबाहेरच्या सिलिंडरच्या गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा मार्चपासून लाल पट्ट्यात पडलाय. मी त्याला तिथवर नेऊन दाखवला. "सर, रिफिलिंगचं कोटेशन वेगळं असतं," म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याच सिलिंडरवर 'तपासले, जुलै' असा स्टिकर लावून गेला.

त्या पोरावर माझा राग नाही. त्याला दिवसाकाठी किती इमारती उरकायला सांगितल्या असतील कुणास ठाऊक. राग आहे तो त्याला पाठवून प्रमाणपत्रावर सही ठोकणाऱ्यावर, आणि ते हसतमुखाने फाइलला लावणाऱ्या आमच्या मॅनेजमेंटवर. काटा लाल पट्ट्यात म्हणजे आतला दाब गेला. पिन ओढली, मूठ दाबली, तरी पावडर बाहेर येणार नाही. दाब पुरेपूर असला तरी तो सिलिंडर जेमतेम १५-२० सेकंद चालतो. आग लहान असताना हातात असतात ते तेवढेच सेकंद, आणि तेही आम्ही एका कोटेशनपायी घालवतो.

आणि जिना! तळमजल्यावर मागच्या जिन्याच्या दाराला साखळी आणि कुलूप. का, तर पोरं तिथून सिगारेट ओढायला जातात आणि दोन लॅपटॉप चोरीला गेले. किल्ली सिक्युरिटीकडे. सिक्युरिटीचा माणूस चहाला गेला की किल्ली त्याच्या खिशात, तीही चहाला जाते. पाचव्या मजल्यावर याच्या नेमकं उलटं. तिथलं फायर डोअर कायम बंद राहायला हवं, जिन्यात धूर शिरू नये म्हणूनच ते बसवलेलं असतं. त्याला झाडाची कुंडी लावून सताड उघडं ठेवलंय, कारण ये-जा करताना ढकलावं लागतं. म्हणजे धुराला वरचं दार उघडं आणि माणसांना खालचं दार बंद. आगीत माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुरानेच गुदमरतो, हे या लोकांना किती वेळा सांगायचं?

तळघरातल्या पंपाचं तर विचारूच नका. हायड्रंटचा, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या नळाचा, वॉल्व्ह उघडला की पाइपातला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो, अशी ती रचना असते. त्यासाठी पॅनेलवरचं बटण ऑटोवर हवं. आमचं मॅन्युअलवर आहे. पाइप गळतो, त्यामुळे पंप सारखा चालू होतो, वीजबिल वाढतं. मग गळती काढायची सोडून पंपच झोपवला. खरंच आग लागली तर कुणीतरी धुरातून तळघरात उतरून बटण दाबायचं. कुणी? नाव सांगा ना एक!

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा आहे. यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी त्याने स्पष्टपणे मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकलीय. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीचा 'फॉर्म बी', म्हणजे यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा. पण एजन्सीचे पैसे कोण देतं? ज्याची तपासणी करायची तोच मालक. खरं लिहिलं की पुढच्या सहामाहीला काम दुसऱ्या एजन्सीला. या एका गाठीत सगळं सडतंय आणि ती सोडवायला कुणी हात घालत नाही.

२१ जून २०१२ ला खुद्द मंत्रालय जळलं. राज्याचा कारभार जिथून चालतो तिथे माणसं मेली. २९ डिसेंबर २०१७ ला कमला मिलमध्ये १४ जण गेले. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात १० तान्ही बाळं. मला त्या बाळांच्या पुढे लिहिता येत नाही. दर वेळी आठवडाभर ऑडिटचे आदेश निघतात, मग पुन्हा स्टिकरवाला पोरगा येतो.

आमचं मॉक ड्रिल एप्रिलमध्ये झालं, अग्निशमन सेवा सप्ताहात. वेळ आदल्या दिवशी मेलवर कळवलेली. निम्मे लोक लिफ्टने उतरले. हो, आगीच्या ड्रिलला लिफ्टने! खाली फोटो निघाले, बिस्किटं वाटली. अकाउंट्समधल्या आमच्या एक ताई तेव्हा चार महिन्यांच्या गरोदर होत्या, सहाव्या मजल्यावर बसतात. त्यांना सांगितलं, "तुम्ही बसा वरच, उगाच त्रास कशाला." त्यांना खाली कसं आणायचं, जिन्यात त्यांच्यासोबत कोण असेल, याचा विचार करण्यासाठीच ड्रिल असतं ना? आता त्यांना सातवा महिना आहे. अजूनही कुणी ठरवलेलं नाही.

संध्याकाळी मी ॲडमिनकडे गेलो. साखळी, काटा, पंप, सगळे फोटो दाखवले. "अरे, सर्टिफिकेट आलंय ना? मग टेन्शन कशाला घेतोस?" मी म्हटलं, सर्टिफिकेट धरून जिना उतरता येतो का? तर म्हणे, तू फार निगेटिव्ह बोलतोस.

उद्या सकाळी अग्निशमन विभागात लेखी अर्ज देणार आहे, फोटोंसकट, आणि पोच घेतल्याशिवाय उठणार नाही. नोकरीवर येईल, येऊ दे. आत्ता रात्रीचे साडेनऊ वाजलेत. सहाव्या मजल्यावर रात्रपाळीची बावीस मुलं कामाला बसलीत आणि मागच्या जिन्याचं दार कुलूपबंद आहे. मी निघताना हाताने ओढून पाहिलं.