रोवळीला झाकण

माझ्या वाढदिवसाला लेकीने पुण्याहून बांबूचा स्टीमर पाठवला. दहा इंची, दोन मजली, वर विणलेलं झाकण. आईने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, ह्यां काय? रोवळेक झाकाण कित्याक व्हया?" रोवळी म्हणजे आमची तांदूळ धुवायची बांबूची टोपली.

मी शास्त्र सांगायला बसलो. म्हटलं, चिनी लोक यात डिमसम उकडतात. स्टीलच्या झाकणाला वाफेचं पाणी धरतं आणि पदार्थावर ठिबकतं. हे झाकण ती वाफ पिऊन टाकतं.

"माज्या मोदकपात्राच्या झाकणाक फडको बांधलेलो आसा," आई म्हणाली. संपलं शास्त्र.

स्टीमर कढईत नीट बसायला हवा. आमची कढई लहान, त्यामुळे तो काठावर टोपीसारखा बसला आणि बाहेर आलेल्या कडेला गॅसची आच लागली. घरभर होळीचा वास. बायकोने काही न बोलता शेजारणीची मोठी कढई आणून दिली. ते न बोलणं जास्त लागलं.

दुसऱ्या खेपेला मी सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, मोमो केले. आषाढ चालू होता, म्हणजे यांत्रिक होड्यांना 31 जुलैपर्यंत बंदी; पण खाडीतली सुंगटां मिळाली. मोमो पंधरा मिनिटांत झाले आणि उत्तम झाले, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो, कारण घरात आता कुणाला ते आठवत नाही. फक्त खाली कोबीचं पान घालायचं राहिलं, आणि सुंगटांचा सगळा रस विणीत उतरला.

सोबतच्या कागदावर लिहिलं होतं: साबण लावू नये, उन्हात पूर्ण वाळवावा.

उन्हात! आषाढात! वेंगुर्ल्यात! इथे त्या दिवसांत मिठाला पाणी सुटतं, आगपेटीतली काडी ओढली तर गुलाचा चिखल होतो आणि धुतलेली बनियन चौथ्या दिवशी सुकते ती पुन्हा धुवावी अशा वासाची. स्टीमर पंख्याखाली ठेवला, फ्रिजच्या मागे ठेवला, एक रात्र माझ्या उशाशीही होता. केसांच्या ड्रायरने वाळवताना लेकीचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा मी ड्रायर स्वतःच्या टकलाकडे वळवला. चौथ्या दिवशी विणीत हिरवट-काळे ठिपके दिसले. वनाबाहेरच्या बांबूला सरकारने 2017 साली वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून वगळलं; तो मुळात गवत आहे, हे मला त्या बुरशीने पटवलं.

शेवटी आईने तो न्हाणीघरातल्या चुलीवर टांगला, तिच्या सुपाच्या आणि हाऱ्याच्या शेजारी. तिची बुरुडकामाची सगळी भांडी पावसाळाभर तिथेच असतात. धुराने वाळतात, आणि घुण लागत नाही.

मग नागपंचमी आली. त्या दिवशी आमच्याकडे चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. फक्त उकडायचं. माझा स्टीमर याच दिवसासाठी जन्माला आला होता! हळदीच्या पानांवर तांदळाचं पीठ, आत गूळ-खोबरं, घडी घालून दोन्ही मजले पातोळ्यांनी भरले. पाच मिनिटांत हळदीच्या पानाचा तो वास सुटला. डोळे मिटून मी तो ओढला. त्याच्यामागून धूर आला. धुराच्या मागून, सावकाश, मानाने चालत, सुंगटां आली.

श्रावणात!

आई दारात उभी होती. "नागोबाक सुंगटांचो निवेद?"

तिने मोदकपात्र काढलं, झाकणाला फडकं बांधलं. स्टीमरमधल्या चौदा पातोळ्या मी एकट्याने मागच्या पडवीत बसून खाल्ल्या. वाईट नव्हत्या.

परवा लेकीने विचारलं, "बाबा, स्टीमर वापरता ना?" म्हटलं, रोज. खरंच रोज. एका मजल्यात लसूण असते, दुसऱ्यात कांदे. झाकण आईने तिच्या रोवळीवर घातलंय. बरोब्बर बसतं.