चाक आदळल्यावर 'अलाइनमेंट करा, बास' सांगणारा मेसेज चुकीचा आहे

फुटपाथच्या कडेला चाक जोरात आदळल्यावर काय करायचं यावर एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्यात सांगितलंय की गाडी व्हायब्रेट होत असेल तर अलाइनमेंट करा, थांबेल. रिम बाहेरून नीट दिसतेय म्हणजे नीटच आहे. टायरला फुगा आला असेल तर हवा थोडी कमी करून तो मागच्या चाकाला टाका. आणि गाडी सरळ पळतेय म्हणजे सस्पेन्शनला काही झालेलं नाही. चारही गोष्टी चुकीच्या आहेत, पण फुग्याची जिवावर बेतू शकते म्हणून आधी तीच घेतो.

टायरच्या साइडवॉलमध्ये (बाजूच्या भिंतीत) रबराच्या आत दोऱ्यांचे थर असतात, आतल्या हवेचा जोर तेच पेलतात. चाक आदळतं तेव्हा साइडवॉल रिम आणि दगडाच्या मध्ये चेमटते, दोरे तुटतात, आणि मग तिथे नुसतं रबर उरतं जे फुगून बाहेर येतं. हवा कमी केली की फुगा लहान दिसतो म्हणून लोकांना बरं वाटतं, पण कमी हवेत साइडवॉल जास्त दबते, जास्त तापते, म्हणजे धोका उलट वाढतो. आणि मागे टाकून काय मिळवलं? वेगात मागचा टायर फुटला तर गाडीची मागची बाजू घसरते आणि तिला सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. याला पंक्चर-पॅच काही चालत नाही, टायर बदलायचा, तोपर्यंत स्टेपनी लावायची (छोटी, बारीक स्टेपनी असेल तर ८०च्या वर जायचं नाही). फुगा कधीकधी काही दिवसांनी वर येतो, आतल्या बाजूलाही येतो, त्यामुळे त्याच दिवशी बघून निश्चिंत होऊ नका.

आता अलाइनमेंट. ते म्हणजे चाकांचे कोन, ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग तिरकं राहतं, टायर एका कडेने झिजतो. व्हायब्रेशन सहसा फिरणाऱ्या वस्तूतून येतं, म्हणजे रिम वाकलीय, टायर आतून गेलाय, किंवा धक्क्याने रिमला लावलेलं बॅलन्सिंगचं छोटं वजन निखळून पडलंय. फक्त वजन पडलं असेल तर बॅलन्सिंगने काम होतं, पण वाकलेल्या रिमचं बॅलन्सिंग मशीनवर शून्य दाखवलं तरी गाडी हलायची ती हलतेच, कारण वजन सारखं झालं, गोलाई थोडीच परत आली!

रिम नुसती बाहेरून बघून भागत नाही, कारण ती बऱ्याचदा आतल्या कडेला, गाडीच्या बाजूला वाकते. चाक काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवायला सांगा आणि स्वतः शेजारी उभं राहून रिमची कड वर-खाली होतेय की आत-बाहेर ते बघा, डायल गेज (किंचित वाकही मोजणारं काट्याचं मापयंत्र) असेल तर उत्तमच. स्टीलची रिम थोडी वाकली असेल तर सरळ करता येते. अलॉयला मात्र तडाही जाऊ शकतो, हवा हळूहळू उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बघा, आणि तडा असेल तर वेल्डिंग करून वापरू नका, त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू कमजोर होतो.

गाडी सरळ पळतेय हा पुरावाच नाही. टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) किंचित वाकला असेल तर टो (वरून बघितलं तर चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचा कोन) सेट करून गाडी सरळ पळवता येते, पण वाकलेला रॉड तसाच राहतो. म्हणून अलाइनमेंटचा प्रिंट मागून घ्या. बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांचा कॅम्बर (समोरून बघितलं तर चाकाचा आत-बाहेर कल) सेट करायची सोयच नसते, त्यामुळे आदळलेल्या बाजूचा कॅम्बर दुसऱ्या बाजूपेक्षा बराच वेगळा दिसला तर लोअर आर्म, नकल किंवा स्ट्रट (चाकाला धरून ठेवणारे सस्पेन्शनचे भाग) वाकलाय का ते तपासायला लावा. वेगाबरोबर वाढणारा घूंऽऽ आवाज येत असेल तर व्हील बेअरिंग बघा.

घरी एक करता येतं, संशय असलेलं चाक काढून तिथे पूर्ण साइजची स्टेपनी लावा आणि ज्या वेगाला हलत होती त्याच वेगाला चालवा, व्हायब्रेशन गेलं तर दोष त्या चाकात, राहिलं तर पुढे शोधायचं. एरवी स्टिअरिंग हलतंय तर बहुतेक पुढचं चाक, सीट हलतेय तर मागचं.

आणि पैसे वाया घालवायचे नसतील तर आधी टायर-रिम, मग सस्पेन्शन, मग बॅलन्सिंग, आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, कारण एखादा पार्ट बदलला की ते परत करावंच लागतं.