फॅट किती लागली?

सकाळी साडेसहाला सांगलीत विश्रामबागेतल्या कुठल्याही दुधाच्या काउंटरपुढं उभं राहिलं की पहिला प्रश्न येतो, "काका, कुठली देऊ?" प्रश्न दिसायला साधा आहे. पण समोर क्रेटमध्ये चार-पाच रंगांच्या पिशव्या असतात, मागं आमराईत चालून आलेली घामेजलेली मंडळी सुट्टे पैसे वाजवत उभी असतात, आणि घरून निघताना कानावर पडलेल्या सूचना तीन असतात: साय जाड आली पाहिजे, डॉक्टरांनी चरबी कमी करायला सांगितलीय, आणि कालचा चहा पाणचट झाला होता. ह्या तिन्ही अटी एकदम पुऱ्या करणारी पिशवी कुठल्याच डेअरीनं काढलेली नाही. काढणारही नाही, कारण डॉक्टर जिला चरबी म्हणतात तिलाच आपण साय म्हणतो.

बहुतेक लोक रंग सांगून सुटतात. "निळी द्या." पण एका कंपनीची निळी ती दुसऱ्या कंपनीची निळी असेलच असं नाही. म्हणून माझा आग्रह, पिशवी उलटी करून बारीक अक्षरं वाचावीत. चष्मा घरी राहिला असेल तर मागच्याकडून वाचून घ्यावीत, तो नाहीतरी आपल्याकडंच बघत असतो. फुल क्रीम म्हणजे किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश आणि पाणी वगळून उरलेला ऐवज: प्रथिनं, दुधातली साखर, क्षार. स्टँडर्डाइज्डमध्ये हे आकडे ४.५ आणि ८.५, टोन्डमध्ये ३ आणि ८.५, डबल टोन्डमध्ये १.५ आणि ९. स्किम्डमध्ये फॅट जास्तीत जास्त अर्धा टक्का. विलायतेतून सुट्टीवर आलेला भाचा "मामी, मी सेमी-स्किम्डच घेतो" म्हणाला तर त्याला डबल टोन्ड द्यावं. तिकडच्या सेमी-स्किम्डमध्येही दीड ते पावणेदोन टक्केच फॅट असते. तिकडं ज्याला 'होल मिल्क' म्हणतात ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडं म्हशीचं दूध साडेतीन लागलं तर म्हशीवर नाही, माणसावर संशय घेतात.

आणि इथंच खरी गंमत आहे. पलूस-वाळव्याकडं पहाटे सोसायटीच्या डेअरीवर किटली घेऊन उभा असलेला माणूसही फॅटच्याच काळजीत असतो, फक्त उलट्या. "आज फॅट किती लागली?" हा त्याचा दिवसाचा पहिला प्रश्न. म्हशीला ६ आणि ९, गायीला ३.५ आणि ८.५, हे आकडे तिथं पोरांनाही पाढ्यासारखे पाठ असतात, कारण त्याच्या खाली एक-एक पॉइंट उतरला की दर उतरतो. त्यासाठी तो सरकी पेंड घालतो, कडब्याची काळजी करतो. नुसती ओली वैरण जास्त झाली की दूध वाढतं पण फॅट पडते. शेवटच्या धारा रेडकाला सोडायच्या की किटलीत, ह्यावर घरात वाद होतात, कारण सगळ्यांत दाट दूध त्या शेवटच्या धारांतच असतं. एवढं करून मिळवलेली ती फॅट टँकरनं जाते, यंत्रात गरगर फिरून निम्मी-अर्धी वेगळी होते, आणि दुसऱ्या दिवशी सांगलीत एक गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणतो, "कमी फॅटचं द्या."

वेगळी काढलेली फॅट काही कृष्णेत सोडत नाहीत. तिचं लोणी होतं, तूप होतं. डबल टोन्ड स्वस्त असतं ते त्यामुळंच. मग तोच गृहस्थ त्याच काउंटरवरून, पिशवीत वाचलेल्या रुपयांच्या आनंदात, अर्धा किलो तूप उचलतो. हिशेब करून बघा: अर्धा लिटर फुल क्रीममध्ये ३० ग्रॅम फॅट, डबल टोन्डमध्ये साडेसात. फरक साडेबावीस ग्रॅमचा, म्हणजे साधारण साडेचार चमचे तूप. दोन पुरणपोळ्यांत मामला चुकता.

माणसानं बारीक व्हावं म्हणून टोन्ड दूध निघालेलंच नाही. १९४० च्या दशकात मुंबईत दूध पुरेना, तेव्हा दारा खुरोडी ह्यांनी म्हशीच्या दाट दुधात स्किम्ड पावडर आणि पाणी घालून ते जास्त लोकांना, कमी दरात पुरेल असं केलं. त्यांना १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेलांबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आपण तेच दूध वजनकाट्यावर उभं राहून पितो.

आता साय. हा विषय आमच्याकडं भावनिक आहे. "हल्लीच्या दुधाला सायच येत नाही" हे वाक्य ऐकलं की आधी पिशवीवर होमोजिनाइज्ड लिहिलंय का ते बघावं. असेल, तर स्निग्धांशाचे कण यंत्रानं इतके बारीक केलेले असतात की ते वर येऊन जमतच नाहीत. दूध दाट असलं तरी साय पापडासारखी पातळ. नसेल, तर दोष आपला. पातेल्याच्या तळाला आधी दोन चमचे पाणी फिरवायचं, म्हणजे दूध लागत नाही. उकळी आली की आच बारीक करून आठ-दहा मिनिटं ठेवायचं. ढवळायचं नाही. झाकण नाही, जाळी ठेवायची, नाहीतर वाफेचं पाणी सायीवर टपटपतं. निवलं की पाच-सहा तास फ्रिजमध्ये. मग कडेनं सुरी फिरवली की चकती अखंड निघते. अट एकच: ह्या पाच-सहा तासांत घरातल्या कुणालाही चहाची तल्लफ येता कामा नये. आली, की पातेलं तिरकं होतं, साय मोडते, आणि "मी हळूच ओतलं होतं" हे निवेदन ऐकावं लागतं. रोज एक लिटर फुल क्रीम घेतलं तर आठवड्यात ४२० ग्रॅम फॅट घरात येते. तिच्यातली निम्मी जरी सायीत उतरली तरी दोनशे ग्रॅमवर तूप, शिवाय बेरी. बेरीवर साखर घालून ती कोण खातं? ज्याला डबल टोन्ड सांगितलंय तो.

चहात डबल टोन्ड घातलं की रंग राखाडीकडं झुकतो. फॅट कमी झाली की दुधात निळसर झाक येते, आणि चहाला ती मानवत नाही. मग माणूस दूध दुप्पट घालतो आणि चव नाही म्हणून वर साखर. कपात ५० मिली दूध धरलं तर फुल क्रीम आणि डबल टोन्ड ह्यांत सव्वादोन ग्रॅम फॅटचा, म्हणजे सुमारे २० कॅलरींचा फरक. एक चमचा साखर तेवढीच असते. चमचा कमी करा म्हणून सांगून पाहिलं तर लोक दुखावतात. पिशवी बदला म्हटलं की लगेच तयार. आणि गुळाच्या चहात दूध फाटलं तर पिशवीला नावं ठेवू नयेत. सांगलीत राहून गूळ उकळत्या दुधात टाकणाऱ्याला मी माफ करत नाही. गूळ आच बंद केल्यावर. आलं मात्र आधी, पाण्यात चांगलं उकळून; कच्चं आलं सरळ दुधात पडलं की तेही दूध फाडतं.

दह्याचं सांगायचं तर टोन्डचं दही कवडीसारखं घट्ट लागत नाही, पाणी सुटतं. लिटरला दोन चमचे दूध पावडर घालून, बोटाला सोसेल इतकं कोमट असताना विरजण लावलं तर निभावतं. बासुंदीच्या वाटेला मात्र डबल टोन्ड घेऊन जाऊ नये. लिटरभर फुल क्रीम आटवलं तर दीडशे ग्रॅम घन ऐवज हाताशी असतो, डबल टोन्डमध्ये एकशेपाच. तासभर पळी फिरवून शेवटी गोड, तांबूस, खाली लागलेलं काहीतरी मिळतं. त्यापेक्षा नरसोबाच्या वाडीला जाऊन दत्ताचं दर्शन घ्यावं आणि तिथली बासुंदी खावी.

ह्या सगळ्यावर शहाणी घरं तोडगा काढतात: दोन पिशव्या. अर्धा लिटर फुल क्रीम सायीला आणि चहाला, अर्धा लिटर डबल टोन्ड ज्याला सांगितलंय त्याला. मग फ्रिजमध्ये दोन पातेली, दोन जाळ्या, आणि कुठलं कुणाचं ह्यावर सकाळ-संध्याकाळ चौकशी. दोन दिवसांत डबल टोन्डच्या दह्यात "घट्ट व्हावं म्हणून" फुल क्रीमची साय पडते. तिसऱ्या दिवशी कुणीतरी, भांडी कमी घासायला लागावीत म्हणून, दोन्ही दुधं एकाच पातेल्यात ओततं. सहा अधिक दीड भागिले दोन: ३.७५ टक्के. गोठ्यातली गाय साधारण एवढंच देते.