‘ड्रिअरिली’मधलं रक्त: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘ड्रिअरी’ (dreary) या इंग्रजी विशेषणावरून आलेल्या ‘ड्रिअरिली’ या शब्दाच्या मुळाशी रक्त आहे, हे माझं म्हणणं तुम्हाला ओढूनताणून आणलेलं वाटलं. तुमच्या मते हा शब्द ‘ड्राय’वरून आला असणार, कारण आपणही कंटाळवाण्या भाषणाला रुक्ष म्हणतो. शिवाय तुम्ही म्हणता, त्याचा अर्थ ‘उदासपणे’, मी म्हणतो तसा ‘रटाळपणे’ नव्हे. कंटाळ्याशी त्याला देणंघेणं नाही. दुसऱ्या आक्षेपात दम आहे. पहिल्यात नाही, तो आधी निकालात काढतो.

‘ड्राय’ आणि ‘ड्रिअरी’ यांची जुन्या इंग्रजीतली मुळंच वेगळी. ‘द्रेओर’ म्हणजे वाहतं, ठिबकतं रक्त, आणि ‘द्रेओरिग’ म्हणजे रक्ताळलेला. ‘बेओवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यात ग्रेंडेल या राक्षसाची आई राजाच्या जिवलग सल्लागाराला, एशहेरेला, उचलून नेते. माग काढत निघालेल्यांना तळ्याचं पाणी दिसतं ते ‘द्रेओरिग’, आणि वर कड्यावर त्याचं मुंडकं. आता ते पाणी उदास होतं म्हणावं, तर कवी लगेच पुढे रक्ताने उसळणाऱ्या लाटांचं वर्णन करतो! जुन्या नॉर्स भाषेतल्या या शब्दाच्या सख्ख्या भावाचा अर्थही रक्तबंबाळ असाच आहे.

तुमचा उदासपणाही जुनाच. ‘द वाँडरर’ या जुन्या इंग्रजी कवितेत मनच ‘द्रेओरिग’ आहे. पुढे १६६७ साली कवी मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मधला सैतान नरकातल्या ओसाड मैदानाला ‘ड्रिअरी’ म्हणतो. म्हणजे रक्त गेलं, भकासपणा उरला.

मग कंटाळा कुठून आला? इंग्रज कवी टेनिसनची १८३० सालची ‘मारिआना’ ही कविता वाचा. ओसाड घरात मारिआना कुणाची तरी वाट पाहते आहे. काचेवर निळी माशी गुणगुणते, भिंतीवरच्या कुजक्या फळ्यांमागे उंदीर चिरकतो, आणि दर कडव्याच्या शेवटी तेच पालुपद: कधी आयुष्य ड्रिअरी, कधी रात्र, कधी दिवस. यात दुःख कुठे संपलं आणि कंटाळा कुठे सुरू झाला, ते तुम्हीच सांगा. मला तरी रेघ मारता येत नाही. तो येत नाही याचं दुःख आहेच, पण रोज तेच ते, याने जीव विटला आहे.

म्हणून मारिआनासाठी तुमचं ‘उदासपणे’ मला बिनतक्रार मान्य. पण एखादा वक्ता तासभर ‘ड्रिअरिली’ बोलत राहिला, तर तिथे मी ‘रटाळपणे’च लिहिणार. तो बिचारा उदास नसतो, चांगला खुशीत असतो. जीव जातो तो ऐकणाऱ्यांचा.